ओळख पटेपर्यंत थांबू नका

मृगाचा पहिला पाऊस पडला की छत्रपती संभाजीनगरात एक सल्ला घरोघर पोचतो: परसात साप निघाला तर घाबरू नका, आधी तो कोणता आहे ते ओळखा. सोसायट्यांच्या फाटकांवर, शाळांच्या भिंतींवर, मोबाइलच्या पडद्यावर तक्ते येतात. डाव्या बाजूला चार विषारी साप, उजव्या बाजूला आठ-दहा बिनविषारी, प्रत्येकाच्या खाली त्याची खूण. हे तक्ते तयार करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि त्यांतल्या कित्येकांचं सापांवर खरं प्रेम आहे. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. तो पाळताना चूक झाली की एकीकडे साप मरतो, दुसरीकडे माणूस.

परसात साप दिसला की घरच्यांपुढे दोन प्रश्न येतात. त्याला मारायचं का? आणि तो कुणाला चावला असेल तर दवाखान्यात न्यायचं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक सापाच्या बाबतीत ‘नाही’ आहे आणि दुसऱ्याचं प्रत्येक सापाच्या बाबतीत ‘हो’. साप कोणता निघतो यावर यातलं काहीच बदलत नाही. मग ‘आधी ओळखा’ ही अट मधे कशासाठी घालायची? ती घातली की दोन्ही निर्णय एका अंदाजावर टांगले जातात. तो अंदाजही घाबरलेल्या माणसाने, अंधुक उजेडात, हलत्या सापाकडे बघून बांधलेला असतो.

हा सल्ला कुठून आला हेही नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर तो देणाऱ्यांवर अन्याय होईल. त्याआधीची रीत होती ‘दिसला की ठेचा’. इंग्रजी अमलात तर मारलेल्या सापांमागे सरकारच पैसे देत असे. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा सुळसुळाट म्हणून बक्षीस लावलं गेलं आणि डिसेंबर १८६२ मध्ये, दर दोन आण्यांवर असताना, आठ दिवसांत एक लाख पंधरा हजारांहून अधिक साप मारले गेल्याची नोंद आहे. फुरसं कोकणात आजही आहे. या वृत्तीविरुद्ध ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांनी लोकांना पहिल्यांदा सांगितलं की बाबांनो, सगळे साप विषारी नसतात. हाफकिन संस्थेतल्या डॉ. पु. ज. देवरसांचं भारतीय सापांवरचं पुस्तक १९६५ साली आलं, १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांच्या प्रयत्नांतून पुण्यात कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. गावोगावच्या सर्पमित्रांनी पदरमोड करून शाळांतून व्याख्यानं दिली. त्या पिढीला जे पहिलं पाऊल टाकणं शक्य होतं ते तिने टाकलं, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण पहिल्या पावलावर आपण पन्नास वर्षं उभे आहोत, ही माझी तक्रार आहे.

‘हा बिनविषारी आहे, मारू नका’ असं आपण म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला न बोललेलं अर्धं वाक्यही ऐकू येतं: विषारी असता तर मारायला हरकत नव्हती. तक्त्याची डावी बाजू मग आपोआप मारायच्या सापांची यादी होते. नाग आणि घोणस उंदरांवर जगतात. मराठवाड्यातल्या शेताला आणि कोठाराला त्यांचा जो उपयोग आहे तो धामणीच्या उपयोगापेक्षा कमी नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही विष आहे की नाही हे बघून संरक्षण देत नाही. नाग आणि घोणस दोघंही त्या कायद्याच्या छत्राखाली आहेत, आणि परसातला नाग मारला तर तो गुन्हाच ठरतो.

बरं, उजव्या बाजूच्या सापांचं तरी ओळखीने भलं झालं का? मांडुळाकडे बघा. महाराष्ट्रात एवढा निरुपद्रवी आणि एवढा सहज ओळखू येणारा साप दुसरा नसेल. अंग गुळगुळीत, लालसर तपकिरी, शेपूट तोंडासारखीच बोथट. ओळखता येतं म्हणूनच ते पकडलं जातं. गुप्तधन दाखवतं, पैशांचा पाऊस पाडतं, वजनाप्रमाणे लाखोंची किंमत येते, अशा थापांवर त्याची चोरटी विक्री चालते. वनखात्याच्या आणि पोलिसांच्या कारवायांच्या बातम्या मराठी वाचकाने किती वेळा वाचल्या असतील. धामणीचंही तसंच. खेड्यात धामण न ओळखणारा माणूस विरळा. पण ती म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, तिच्या शेपटीत काटा असतो, ती नागाची मादी आहे, हे सगळं त्या ओळखीसोबतच शिकवलं जातं. ती धामण आहे हे पक्कं ठाऊक असूनही लोक तिला काठीने मारतात. नाव कळलं की जीव वाचतो, या गृहीतकाला मांडूळ आणि धामण हे दोन साप पुरेसं उत्तर आहेत.

आता मूळ दाव्याकडे येतो. सामान्य माणसाला खुणा शिकवल्या तर तो परसातला साप बिनचूक ओळखेल, असा तो दावा आहे. याच्याशी माझं सर्वांत मोठं भांडण आहे. सुरक्षित अंतरावरून ज्या खुणा दिसतात त्या भरवशाच्या नसतात, आणि ज्या भरवशाच्या असतात त्या सुरक्षित अंतरावरून दिसत नाहीत.

मण्यारीची खरी खूण कोणती? तिच्या पाठीच्या कण्यावरून जाणारी खवल्यांची ओळ षटकोनी असते आणि ते खवले बाजूच्या खवल्यांहून ठळकपणे मोठे असतात. नागाच्या वरच्या ओठावरचं तिसरं खवलं एका बाजूने डोळ्याला आणि दुसऱ्या बाजूने नाकपुडीच्या खवल्याला टेकतं. शेपटीखालचे खवले एकेरी आहेत की जोडीचे, यावरून कितीतरी जाती वेगळ्या करता येतात. अभ्यासकांनी या खुणा ठरवल्या त्या संग्रहालयाच्या टेबलावर, मेलेला नमुना हातात उलटापालटा करून. परसात, हौदाच्या आडोशाला, आठ-दहा फुटांवरून यातली एकही दिसत नाही. दिसेल एवढं जवळ गेलं तर सापाच्या झेपेत गेलंच.

मग लोकांना काय शिकवलं जातं? डोकं त्रिकोणी असेल तर विषारी. या एका वाक्याने आजवर किती घात केला असेल! घोणशीचं आणि फुरशाचं डोकं त्रिकोणी असतं, हे खरं. पण नागाचं नसतं, मण्यारीचं तर मुळीच नसतं. तिचं डोकं मानेपासून धड वेगळंही दिसत नाही. म्हणजे चार प्रमुख विषारी सापांपैकी दोन या कसोटीवर सरळ ‘बिनविषारी’ ठरतात. उलट माणसाला काहीच अपाय न करणारा मांजऱ्या रुंद डोक्यामुळे आणि उभ्या बुबुळामुळे विषारी ठरतो. घाबरलेला दिवड मान चपटी करून अंग उचलतो आणि बघणारा ‘नाग, नाग’ म्हणून ओरडतो. (मला स्वतःला दिवड फार आवडतो. विहिरीच्या पायरीवर बेडकाची वाट बघत बसलेला दिवड बघण्यात कितीही वेळ जाऊ शकतो.) बुबुळ उभं की गोल, ही दुसरी शिकवण. नागाचं बुबुळ गोल असतं. मण्यारीचंही गोलच, पण काळ्या डोळ्यात ते दिसतही नाही. बुबुळ बघायला सापाच्या तोंडाजवळ कुणी जावं, हे ती खूण छापणाऱ्याने कधी सांगितलेलं नाही.

रंगाचा भरवसा तर कुणीच धरू नये. नाग गव्हाळ असतो, तपकिरी असतो, जवळजवळ काळाही असतो. फण्यावरचा दहाचा आकडा काहींच्या अंगावर ठळक, काहींच्या अंगावर पुसट, तर काहींच्या अंगावर नसतोच. शिवाय पळून जाणारा नाग फणा काढत नाही. तुळशीवृंदावनामागून सरकत गेलेली पाच फुटी तपकिरी पाठ नागाची की धामणीची, हे सांगायला मुरलेला माणूसही दोनदा विचार करतो.

सगळ्यांत घातकी जोडी मण्यार आणि कवड्याची. दोघंही रात्री फिरतात, दोघंही घरात शिरतात, दोघंही चकचकीत आणि अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेले. कवड्या पालींच्या मागे येतो. मण्यार पालीही खाते, उंदीरही खाते आणि दुसरे सापही. पुस्तकातला फरक साधा आहे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात, पुढे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, मानेच्या बरेच मागे सुरू होतात आणि शेपटीच्या टोकापर्यंत जातात. वाचताना हे सोपं वाटतं. पण पिल्लांचे पट्टे मोठ्यांसारखे नसतात. काही मोठ्या मण्यारींचे पट्टे इतके विरलेले असतात की साप नुसता निळसर काळा दिसतो. कवड्या कधी तपकिरी, कधी जवळजवळ काळा. आणि समोर असतो तो वेटोळं घातलेला साप, अर्धा कपाटाखाली, रात्री अकरा वाजता. त्यातलं पुढचं टोक कुठलं हेच कळत नाही, मग पट्टे कुठून सुरू झाले ते कसं मोजणार? भिंतीवर चढलेला म्हणजे कवड्याच, असंही सांगतात. कवड्या पटाईत चढतो हे खरं, पण मण्यार उंचावर सापडतच नाही असं नाही. या एका जोडीत कवड्याला मण्यार समजलं तर एक निरुपद्रवी साप मरतो. मण्यारीला कवड्या समजून पायाने बाजूला सारलं तर काय होतं, ते मराठवाड्यातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे.

घोणशीचंही वेगळं सांगायला नको. तिच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. लहान घोणस दिसली की ‘अजगराचं पिल्लू’ म्हणून हातात घेणारे निघतात, आणि आखूड शेपटीचा, मातीत तोंड खुपसून पडणारा डुरक्या घोणस दिसला की त्याला खरी घोणस समजून दगड घालणारेही निघतात. दोन्ही माणसांनी तक्ता पाहिलेलाच असतो.

यावर मला सांगितलं जातं की आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, फोटो काढून जाणकाराला पाठवा, दोन मिनिटांत उत्तर येईल. जाणकारांच्या ज्ञानाबद्दल शंका नाही. पण फोटो काढण्यासाठी घरातलं कुणीतरी सापाजवळ जातं. सहसा ते घरातलं सर्वांत उत्साही पोर असतं. डोक्याचा फोटो नीट आला नाही म्हणून ते आणखी एक पाऊल पुढे जातं. झुडपातून सापाला बाहेर काढायला कुणी काठी आणतं. तोपर्यंत वाट काढून निघून गेला असता असा साप आता कोंडीत सापडतो, आणि कोंडीत सापडलेला साप चावतो. दूर उभं राहून, झूम करून, सहज मिळाला तर फोटो जरूर घ्यावा. त्यासाठी एक इंचही पुढे सरकू नये, आणि त्याच्या उत्तरासाठी कुठलीच गोष्ट थांबवू नये.

हे सगळं आपल्या शहरात वरचेवर का घडतं, याकडेही जरा बघू. संभाजीनगर काळ्या खडकावर वसलेलं आहे. भोवती सातारा डोंगर, गोगाबाबा टेकडी, विद्यापीठामागच्या लेण्यांच्या डोंगररांगा, आणि मधून खाम आणि सुखना या नद्यांचे नाले. हिमायत बाग आणि सलीम अली सरोवर यांच्या आसपास तर शहराच्या मध्यातच रानाचा तुकडा टिकून आहे. सातारा, देवळाई, पडेगाव, मिटमिटा, हर्सूल या भागांत माळरानावर आणि शेतांवर घरं उभी राहिली. जे साप तिथे आधीपासून होते ते अजून तिथेच आहेत, फक्त त्यांच्या वाटेत आता कुंपणाच्या भिंती आल्या. अर्ध्यावर सोडलेल्या बांधकामाच्या विटा, सिमेंटशिवाय रचलेले दगड, रिकाम्या प्लॉटमधलं गाजरगवत आणि ओला कचरा यांमुळे उंदीर वाढतात. उन्हाळ्यात भरून ठेवलेले हौद आणि ड्रम यांच्याभोवती गारवा असतो. पावसाळा लागला की बेडूक निघतात, बिळांत पाणी शिरतं, आणि त्याच सुमाराला अंड्यांतून बाहेर आलेली नागाची आणि घोणशीला झालेली पिल्लं फिरू लागतात. घोणस अंडी घालत नाही, पिल्लंच देते. या दिवसांत परसात साप दिसणं हा अपघात मानण्याचं कारण नाही.

आता दंशाकडे येतो, कारण ओळखीचा आग्रह सर्वांत महाग इथे पडतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं मेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज देशव्यापी मृत्यू-पाहणीवर आधारलेल्या अभ्यासाने २०२० साली मांडला. जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यांतले, घरीच झालेले. घरी झालेल्या मृत्यूंच्या मागे कितीतरी ठिकाणी हेच असतं की कुणीतरी ‘साधा साप होता’ असं सांगितलं आणि माणसं थांबली.

साधा होता हे कशावरून ठरतं? दातांच्या दोन खुणा असतील तर विषारी, अर्धवर्तुळात अनेक असतील तर बिनविषारी, असं अजूनही शिकवतात. त्वचेवरच्या खुणा इतक्या शिस्तीत कधीच उमटत नाहीत. एकच दात लागतो, साप दोनदा चावतो, कपड्यावरून चावतो, खाजवल्यामुळे चार ओरखडे उमटतात. मण्यारीच्या दंशाची खूण तर बऱ्याचदा दिसतच नाही. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तेव्हा दुखत नाही, सूज येत नाही, माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, आणि घरचे पित्ताची गोळी देतात. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास बंद पडू लागतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यासारख्यांनी महाराष्ट्रातल्या सर्पदंशाचा वर्षानुवर्षं अभ्यास करून लिहिलं. त्या ज्ञानाचा घरच्यांसाठी अर्थ एवढाच की पावसाळ्यातल्या पहाटे एकाएकी पापण्या मिटू लागल्या तर साप दिसला की नाही हा प्रश्नही न विचारता दवाखाना गाठायचा.

दुसरा भ्रम मांत्रिकाच्या यशाचा. विषारी साप प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही, कोरडा दंश होतो. शिवाय बरेच दंश बिनविषारी सापांचे असतात. अशी सगळी माणसं देवळाच्या पारावर बरी होतात आणि गावात सांगितलं जातं, ‘पान लागलं होतं, महाराजांनी उतरवलं.’ आणि माणूस वाचला म्हणजे साप बिनविषारीच असणार, हा तर्कही याच जातीचा आहे. तो पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाचा जीव घेतो.

दवाखान्यात गेल्यावर ‘कोणता साप होता?’ असं विचारतात, मग ओळखायला नको का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. भारतात सर्पदंशावर दिलं जाणारं इंजेक्शन प्रत्येक सापासाठी वेगळं नसतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषाविरुद्धचं औषध एकाच कुपीत असतं. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तात जी प्रतिद्रव्यं तयार होतात, त्यांपासून ते बनतं. त्यासाठी लागणारं विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा सापपकड्यांच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येतं. या औषधाच्या एका मिलिलिटरने नागाचं आणि घोणशीचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, मण्यारीचं आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हायला हवं, असं प्रमाण ठरलेलं आहे. म्हणजे साप या चौघांपैकी कोणता हे कळलं नाही तरी औषध तेच.

औषध द्यायचं की नाही, हे सापाच्या नावावरून ठरत नाही, रोग्याच्या लक्षणांवरून ठरतं. शिरेतलं थोडं रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. नंतर नळी कलती केली आणि रक्त गोठलेलं नसलं, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचं विष अंगात भिनलं आहे हे डॉक्टरला कळतं. पापण्या, गिळणं, मान उचलणं, श्वास यांवरून नाग किंवा मण्यारीचं विष कळतं. लक्षणं नसली तरी चोवीस तास नजरेखाली ठेवतात, कारण विष उशिरा बोलू शकतं. या कुठल्याच पायरीवर नातेवाइकांनी पिशवीत घालून आणलेला ठेचलेला साप लागत नाही. तो मारण्यात गेलेला अर्धा तास रोग्याच्या वाट्याचा असतो, आणि मारताना दुसऱ्या माणसाला दंश होतो तो वेगळाच. तोडलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं.

नाव कळल्याने डॉक्टरांना कधीच मदत होत नाही, असं मी म्हणणार नाही. नाग निश्चित असेल तर मज्जातंतूंवरच्या परिणामासाठी एक जादा औषध लवकर वापरता येतं. घोणस निश्चित असेल तर मूत्रपिंडांकडे आधीपासून लक्ष ठेवता येतं. सह्याद्रीच्या ओल्या रानात चापड्यासारखे साप आहेत, त्यांच्या विषावर ही कुपी बनवलेलीच नाही. देशाच्या वेगवेगळ्या भागांत एकाच जातीच्या सापाचं विष वेगळं असतं, म्हणून औषध कुठे कमी पडतं, यावर संशोधन चालू आहे आणि ते फार गरजेचं आहे. पण हे सगळे डॉक्टरांचे आणि संशोधकांचे प्रश्न आहेत. घरच्या माणसाकडून ते एवढंच मागतात की रोग्याला लवकर आणा. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने करकचून आवळू नका. अंगठी-बांगड्या काढा, दंश झालेला हात-पाय हलू देऊ नका, चालवू नका, १०८ ला फोन करा किंवा हाताशी असेल त्या गाडीने निघा.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो रास्त आहे. ओळखायचं नाही, मारायचं नाही, मग अंगणातल्या नागाबरोबर राहायचं का? लेकरं खेळतात तिथे? नाही, राहायला कुणी सांगत नाही. मुलांना आणि म्हाताऱ्यांना घरात घ्या, कुत्रं बांधा. एकाने लांबून नजर ठेवावी. साप घरातल्या खोलीत असेल तर बाहेर येऊन दार ओढून घ्या आणि दाराखालच्या फटीत ओलं कापड कोंबा. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा खात्याला माहीत असलेल्या सर्पमित्राला फोन करा. अंगणातला साप कुंपणाबाहेर निघाला असेल तर त्याला जाऊ द्या. त्याला पकडून वीस किलोमीटरवर सोडण्याचा हट्ट धरू नका, कारण अनोळखी जागी सोडलेला साप बिळासाठी आणि भक्ष्यासाठी भटकत राहतो आणि त्यात मरतो. सर्पमित्रांनाही माझं सांगणं आहे: पकडलेला साप हातात धरून गर्दीला त्याच्या खुणा दाखवत बसू नका. तुमची ती दहा मिनिटं बघूनच एखादा पोरगा पुढच्या सापाला हात घालतो.

साप गेल्यानंतर करायचं काम मोठं आहे. विटांचा ढीग हलवा, गवत काढा, कोंबड्यांचं आणि कुत्र्याचं अन्न रात्री बाहेर ठेवू नका, सांडपाण्याच्या पाइपांना जाळी लावा. जमिनीवर झोपणाऱ्यांना खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी द्या. मण्यारीपासून वाचवणारा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. रात्री परसात जाताना पायात चप्पल नको, बूट असू द्या, आणि हातात बॅटरी. हे सगळे उपाय नागावर, मण्यारीवर, फुरशावर सारखेच चालतात. आदल्या रात्री कोणता साप आला होता हे कळायची गरज पडत नाही.

आणि ज्याला साप ओळखायला शिकायचेच आहेत, त्याने जरूर शिकावं, जीव ओतून शिकावं. सिद्धार्थ उद्यानातल्या सर्पालयात काचेपलीकडचा साप निवांत बघता येतो. खैरेंचं महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकातल्या सापांवरचं पुस्तक घेऊन बसता येतं. जाणत्या माणसाबरोबर रानात जाता येतं. नानेटी, तस्कर, कुकरी, धूळनागीण, हरणटोळ यांच्या अंगावरचे रंग बघण्यासाठी माणसाने वेळ काढावा असेच आहेत. हे शिक्षण हिवाळ्यात सुरू होऊ दे, शांतपणे होऊ दे, आणि त्याच्या परीक्षेला कुणाचाच जीव लावू नका.

यंदाच्या पावसाळ्याआधी ज्या सोसायट्या, मंडळं आणि शाळा नवे फलक छापायला देणार आहेत, त्यांच्याकडे माझी मागणी अशी. फाटकावरच्या फलकावरून सापांची चित्रं काढून टाका. त्या जागी मोठ्या अक्षरांत लिहा: लांब राहा, मारू नका, चावला तर लगेच निघा. खाली १०८ आणि १९२६. त्याखाली तुमच्या वस्तीतून घाटी रुग्णालयाच्या अपघात विभागाकडे रात्री कोणत्या रस्त्याने लवकर पोचता येतं ते, आणि रात्री-अपरात्री गाडी काढायला तयार असलेल्या सोसायटीतल्या दोन माणसांचे क्रमांक, अर्थातच त्यांना विचारून. चित्रांचे तक्ते वर्गात लावा, वर्षभर.